निकाल : वाहक

या गोष्टीतल्या मुलीचं खरं नाव तृप्ती नाही. गावाचं नावही मी सांगणार नाही. साकोली आणि लाखनीच्या मध्ये महामार्ग सोडून आत वळलं की तलावाच्या पाळीला लागून बरीच गावं आहेत, त्यांतलं एक, इतकं पुरे. बाकीच्यांचीही नावं मी बदलली आहेत. मुलीला विचारूनच सांगते आहे. ती म्हणाली, "सांगा सिस्टरबाई, पण माह्यापुरतं सांगा." तेवढंच सांगायचा प्रयत्न करते. माझी जीभ सैल आहे, हे मला ठाऊक आहे.

मी चंदा. उपकेंद्रात आरोग्यसेविका. एकोणतीस वर्षं झाली, दोन उरली. गुडघे गेले, डोळे निम्मे गेले. मोबाईल आला म्हणजे रजिस्टरं जातील असं वाटलं होतं, पण ती काही गेली नाहीत. आता दोन्हीकडं भरायचं. या एकोणतीस वर्षांत अख्ख्या गावाचं पोट, रक्त आणि खोकला माझ्या हातून गेला, आणि तो सगळा भर रस्त्यात गेला. धानाच्या बांधीत रोवणी करणाऱ्या बाईला मी रस्त्यावरून ओरडून विचारायची, "काहून वं, या महिन्यात आली का नाही?" ती लाजायची, बाकीच्या हसायच्या, मी वहीत लिहून पुढं जायची. जोखमीच्या गरोदर बायांची नावं उपकेंद्राच्या भिंतीवर रंगवून घेतली होती. कोणाला कसल्या गोळ्या चालू आहेत, कोणाच्या नवऱ्यानं नसबंदी करून घेतली, हे पारावरच्या म्हाताऱ्यांना माझ्याइतकंच पाठ होतं. हे चुकतंय असं कोणी म्हटलं नाही. मलाही वाटलं नाही. काम झालं की झालं.

पावसाळ्यात आम्हाला तालुक्याला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता, नागरिकांच्या वैयक्तिक माहितीचं संरक्षण. शिकवायला आलेला पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा, पण बोलला नीट. म्हणाला, माणसाची माहिती ही त्याची ठेव आहे, सरकार तिचं फक्त राखणदार. त्याच्या संमतीशिवाय ती कोणाला द्यायची नाही, दाखवायची नाही, आणि लागते त्याहून जास्त घ्यायची नाही. मला पटलं. मग हजेरीचा कागद फिरला. त्यावर नाव, जन्मतारीख, आधार नंबर, बँकेचा खाते नंबर, मोबाईल. सत्तर बायांनी एकमेकींचं वाचत वाचत आपापलं लिहिलं. माझ्या शेजारची म्हणाली, "चंदाबाई, तुमी एकोणसत्तर सालच्या का? वाटत नाही." मी खूश होऊन चहा प्यायला गेले. म्हणजे मला किती पटलं होतं ते बघा.

दिवाळी झाली आणि वरून पत्र आलं. पत्र म्हणजे मोबाईलवर चार पानं. त्या दिवशी लसीकरण होतं, तेवीस लेकरं रडत होती, आणि दोन बाया नंबरावरून भांडत होत्या. पहिल्या पानावर होतं की रक्ततपासणी झालेल्या व्यक्तींची माहिती गोपनीय ठेवावी. दुसऱ्यावर, उघड झाल्यास कोण जबाबदार राहील ते. तिसऱ्याच्या शेवटी ठळक अक्षरांत, 'सदर परिपत्रक ग्रामपंचायतीच्या दर्शनी भागात लावावे.' चौथं पान मी उघडलंच नाही. ग्रामपंचायतीचा शिपाई परसराम, त्याला चारही पानं पाठवली आणि खाली लिहिलं, प्रिंट काढून बोर्डावर लाव. एका हातानं लिहिलं, दुसऱ्या हातात एका लेकराची मांडी होती.

परसराम सांगितलेलं काम पूर्ण करतो, हाच त्याचा दोष. बोर्डावर तेव्हा मंडईची जाहिरात होती. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, रात्री नाटक होतं, आणि त्या गर्दीत सोयरिकीही जुळतात. त्या भल्या मोठ्या जाहिरातीमुळं बोर्डावर जागा नव्हती. परसरामनं पहिली तीन पानं एकावर एक ठेवून कोपऱ्यात टाचली. चौथं एकटं, मधोमध, गव्हाच्या पिठाच्या खळीनं पक्कं चिकटवलं. त्याला वाटलं, यादी आहे, लोक यादीच वाचतात. आणि ते खरंच आहे.

चौथं पान म्हणजे सहपत्र. पडताळणीसाठी माझ्याकडं आलेलं, माझ्यापुरतं. मागच्या हिवाळ्यात शिबिरात ज्यांचं रक्त घेतलं, त्या अठरा ते तीस वयाच्या चौदा जणांची यादी. नाव, वय, मोबाईल, आधार, आणि शेवटच्या रकान्यावर शब्द होता 'निकाल'. अकरा जणांपुढं 'नाही'. तिघांपुढं 'वाहक'. कसली तपासणी, कसला निकाल, त्या पानावर एक अक्षर नव्हतं. ते सगळं पहिल्या पानावर होतं, आणि पहिलं पान कोपऱ्यात.

आमच्या भागात सिकलसेल काही नवा नाही. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सांधे दुखतात, लेकरं वरचेवर आजारी पडतात. वाहक म्हणजे ज्याला आजार नाही, पण एका बाजूनं, आईकडून नाही तर बापाकडून, तो रक्तात आला आहे. वाहकाला स्वतःला बहुधा काही होत नाही. पण वाहकाचं लग्न वाहकाशी झालं तर लेकराला खरा आजार होऊ शकतो. म्हणून आम्ही ओरडून ओरडून सांगतो, पत्रिका नंतर बघा, आधी दोघांची रक्ततपासणीची कार्डं बघा. आणि लोक कार्डं ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवतात, कारण 'रक्तात दोष' हे दोन शब्द एकदा चिकटले की सुटत नाहीत. बोलताना मात्र आम्ही कधी 'वाहक' म्हणत नाही, 'अर्धा सिकल' म्हणतो. वाहक हा शब्द फक्त कागदावर. गावाला वाहक एकच ठाऊक, एसटीतला. त्या वर्षी एसटीची भरती निघणार, अशी बोलवाही होती.

तेव्हा गावानं यादी वाचली आणि सरळ अर्थ लावला. चौदा जणांनी फॉर्म भरले, तिघं लागले. अकरा नापास.

मला हे कळलं तिसऱ्या दिवशी. तृप्तीची आजी गोदावरीबाई काठी टेकत उपकेंद्रात आली आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

"कायचा जी आजी?"

"आमची तृप्ती कंडक्टर झाली. तुले मालूम नाही? बोर्डावर लागलं. पोरीनं घरात सांगतलंबी नाही फॉर्म भरला म्हणून. इचारलं तं उगीच मान खाली घालते. लाजते."

तृप्ती म्हणजे गोदावरीबाईच्या मुलाची, धनीरामची, एकुलती मुलगी. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. साकोलीला बीएस्सी केलं, आता घरी राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. तिच्या कार्डावर काय आहे ते तीन माणसांना ठाऊक होतं : तिला, धनीरामला आणि मला. आजीला सांगितलं नव्हतं, कारण आजीला सांगणं म्हणजे विहिरीवर सांगणं. पेढा माझ्या तोंडात होता. तो गिळला आणि तशीच बोर्डाकडं गेले.

वाचलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. परसरामकडून पाणी मागितलं, कागद भिजवला, नखांनी खरवडला. परसराम बाजूला उभा राहून बघत होता. "काहून काढून राहिल्या बाई? लोकायले आनंद झाला." मी म्हटलं, मुदत संपली. खळ पक्की होती. नखं दुखायला लागली तेव्हा कुठं नावं गेली. बाकी दोघांबद्दल मी काही बोलणार नाही, ते माझ्याशी बोलले आणि विषय तिथं संपला. पण कागद निघाला म्हणून काय झालं. फोटो आधीच गावाच्या ग्रुपवर पडला होता. नावं, मोबाईल, आधार, सगळं स्पष्ट. खाली फुलं, हार, हात जोडलेले, 'हार्दिक अभिनंदन'. त्यातला एक हार सरपंचांचा होता.

दुसऱ्या दिवशी तृप्ती उपकेंद्रात आली. ओटीवर बसली, चप्पल काढली नाही.

"सिस्टरबाई, तो कागद तुमीच लावाले सांगतला ना?"

"हो."

"वाचला होता?"

"नाही वाचला बाई. चौथं पान उघडलंच नाही."

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं तलावाकडं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "दोन दिवसात सतरा फोन आले. एक जण मणे तुमचं आधार सांगू का, पाठ आहे. हासत होता." तिनं फोन पालथा ठेवला. "अन् मले सगळ्यात वाईट कायचं वाटलं मालूम? मी कोणाले सांगाव, कवा सांगाव, कसं सांगाव, हे मी मनात ठरवून ठेवलं होतं. ज्याच्याशी लग्न होईन त्याले पहिल्यांदा सांगीन, मंग आजीले. तुमी एका दिवसात बोर्डावर लावलं."

"लोकायले तं तसं समजलंच नाही ना," मी म्हणाले. म्हणायला नको होतं.

"म्हणून वाचली का मी?" ती म्हणाली. "आज ना उद्या कोणीतरी इचारनच, नोकरीवर कवा जातं मणून. तवा काय सांगू?"

तिचं खरं होतं. आणि माझी गोची अशी की खुलासाही करता येईना. 'तो वाहक म्हणजे एसटीतला वाहक नव्हे' असं मी एका माणसाला सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कोणता? एका चुकीनं तिचं उघडं पडलं होतं आणि दुसऱ्या चुकीनं झाकलं होतं. ती दुसरी चूक मला मोडता येत नव्हती. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढली, पण गावाच्या अडाणीपणाचे आभार मानायची पाळी पहिल्यांदा आली.

तिनं विचारलं, तक्रार कुठं करायची. मी म्हटलं, कर, माझ्याच विरोधात आहे, मीच फॉर्म देते. प्रशिक्षणात मिळालेला नमुना पिशवीत होता. तिनं वाचला. नाव, पत्ता, मोबाईल, आधार क्रमांक, आणि त्याखाली, 'उघड झालेल्या माहितीचे स्वरूप सविस्तर लिहावे'.

"मणजे हेबी लिहून द्याचं? मंग हा कागद कुठं लागन?"

तिनं फॉर्मची घडी केली, पर्समध्ये घातली आणि गेली. मी माझ्या परीनं वर लेखी कळवलं, चूक माझी म्हणून. आठ दिवसांनी सगळ्यांना एकच पत्र आलं : सहपत्र फलकावर लावू नये. वरातीमागून घोडं. त्या पत्रालाही एक सहपत्र होतं. मी चष्मा पुसून शेवटपर्यंत वाचलं. सुदैवानं त्यात फक्त कार्यालयांचे पत्ते होते.

मंडईच्या आदल्या आठवड्यात धनीराम मला शेताच्या रस्त्यावर भेटला. धान कापून पडलं होतं, भारे बांधायचे होते, तो बांधावर बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, सिहोऱ्याकडून वासुदेवराव म्हणून पाहुणे येत आहेत, मुलगा एसटीत कंडक्टर आहे. यादीतल्या नंबरावर फोन आला. दोघं एका खात्यातले, म्हणून त्यांना जोडा पसंत.

"धनीरामभाऊ, तुमी त्याईले सांगतलं का?"

"काय सांगू? मी खोटं बोललो का? लोकायनं आपल्याच मनानं ठरवलं. झाकली मूठ सवा लाखाची."

"पोराचं कार्ड तरी मागा. तो निघाला वाहक तं?"

"मागतलं तं तेबी आपलं मागतील." त्यानं तंबाखू तोंडात टाकली. "तीन ठिकाणं गेली बाई. कार्डात काय ते सांगतलंबी नाही, नुसतं कार्डाचं नाव काढलं की लोक चहा अर्धा ठेवून उठतेत. पोरीले काही बिमारी नाही हे तुमीच सांगता ना? मंग? कवा ना कवा तं लग्न कराच लागन." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी त्या दिवशी या. पाहुण्यायले तुमी सरकारी माणूस दिसाल. मंग ते जास्त इचारत नाहीत."

मी जायला नको होतं. पण नाही म्हणायचं तोंड माझ्याकडं उरलं नव्हतं. परिपत्रक मला आता पाठ झालं होतं : संमतीशिवाय कोणालाही सांगू नये. म्हणजे मी बोलले तर गुन्हा. आणि गप्प बसले, आणि तो पोरगाही वाहक असला, तर उद्या एखादं लेकरू दुखण्यानं रात्ररात्र रडेल, ते माझ्याच रजिस्टरात येईल. घरी येऊन मी भाकरी केली आणि तिला हात लावला नाही.

मंडईच्या दिवशी दुपारी पाहुणे आले. वासुदेवराव पांढऱ्या टोपीतले, सरळ बसणारे गृहस्थ. मुलगा भूपेंद्र तिशीच्या आतला, सावळा, कमी बोलणारा. गोदावरीबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. पोहे झाले. बाहेर मंडईचा भोंगा वाजत होता, पाळण्यांचा आवाज येत होता. तृप्ती चहा घेऊन आली आणि पाटावर बसली. तिनं साडी नेसली होती, पण केस रोजच्यासारखेच बांधले होते. तिचा चेहरा बघून मला कळेना तिनं काय ठरवलं आहे.

वासुदेवरावांनी शिक्षण विचारलं, तिनं सांगितलं. मग ते धनीरामकडं वळून समाधानानं म्हणाले, "आमचा भूपेंद्रबी वाहक आहे. पाच वर्षं झाली."

पाच वर्षं म्हणजे नोकरीला, हे कळायला मला एक श्वास लागला.

"दोघंही वाहक," वासुदेवराव म्हणाले. "यापेक्षा चांगली जोडी कोणती असते?"

धनीराम हसला. गोदावरीबाई हसली. मी एकोणतीस वर्षं ज्या जोडीबद्दल गावोगाव बोंबलत फिरले, ती जोडी माझ्यासमोर पोहे खाऊन जुळत होती, आणि ज्या शब्दानं जुळत होती तो शब्द मीच बोर्डावर लावला होता. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. पण गुडघे चटकन उठू देत नाहीत.

मग वासुदेवराव माझ्याकडं वळले. "सिस्टरबाई, तुमी सरकारी माणूस. यादी तुमच्याच हातून लागली मणतेत. फोटोवर काही शिक्का नव्हता, मणून इचारतो. राग मानू नका. पोरगी वाहक आहे, हे पक्कं ना?"

खोलीत सगळे माझ्याकडं बघायला लागले. धनीरामनं तर डोळ्यांनी हात जोडले. हो म्हणाले असते तर ते खोटं होतं, आणि अक्षरशः खरंही होतं. नाही म्हणाले असते तर यादी कसली ते सांगावं लागलं असतं. आजवर असा प्रश्न कोणी विचारला की मी पटकन उत्तर द्यायची, आणि वर दोन गोष्टी न विचारताच सांगायची. त्या दिवशी तोंड उघडलं आणि कसंबसं एवढंच निघालं, "हे मले नका इचारू. तिचं आहे, तिले इचारा."

तृप्तीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग उठली, आतल्या खोलीत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आली ती कार्ड घेऊन, आणि ते तिनं वासुदेवरावांना नाही, भूपेंद्रच्या हातात दिलं.

"मी वाहक आहो," ती म्हणाली. "पण एसटीची नाही. रक्ताची. अर्धा सिकल. मले काही बिमारी नाही, मी बांधीतबी काम करतो अन् अभ्यासबी करतो. यादी त्याची होती. नोकरी मले लागलेली नाही, मी फॉर्मबी भरला नाही. तुमचं कार्ड असन तं पाहा, नसन तं तपासून घ्या. मंग काय ते ठरवा. आणखी एक मणणं आहे, हे या खोलीतच ठेवा. सांगाचं असन तवा मी सांगीन."

गोदावरीबाई नातीकडं बघत होती, तिला निम्मं कळलं आणि निम्मं नाही. वासुदेवरावांनी कप खाली ठेवला. अर्धा होता.

"फसवत होते का आमाले?" ते धनीरामला म्हणाले.

धनीराम मान खाली घालून म्हणाला, "मी फसवत होतो. पोरगी नाही."

वासुदेवराव उठले. टोपी नीट केली. दारात थांबून म्हणाले, "कोणाले सांगणार नाही, भेऊ नका. सांगू तं लोक आमालेच हासतील, कंडक्टर पाहाले गेले अन् तिकीट न घेता आले मणून." भूपेंद्रनं कार्ड दोन्ही हातांनी तृप्तीला परत दिलं.

ते गेल्यावर गोदावरीबाईनं तृप्तीला जवळ बसवलं आणि विचारलं, "दुखते का तुले कुठं?" तृप्ती म्हणाली, नाही आजी. तेव्हा म्हातारी म्हणाली, "मंग रडून कायले राहिली?" आणि स्वतःच रडायला लागली. मी चपला घालून निघाले. भोंग्यावर कोणाचं तरी हरवलेलं लेकरू पुकारत होते, बापाच्या पूर्ण नावासकट.

पुढं महिनाभरानं तृप्तीच्या नोकरीचं काय झालं, असं लोक विचारू लागले. त्याचं उत्तर परसरामनंच शोधलं. मला म्हणाला, "भरती रद्द झाली वाटते का जी बाई? मणून तुमी कागद खरडून काढला." सरकारी भरती रद्द झाली, यावर गावानं एका क्षणात विश्वास ठेवला. कोणी फोन करून खात्रीही केली नाही.

पण त्याआधी, मंडईनंतर नवव्या दिवशी, भूपेंद्र उपकेंद्रात आला होता. तो आल्याचं सांगायची परवानगी त्यानं दिली आहे. सिहोऱ्याहून इतक्या लांब, अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून, अंगात खाकी तशीच. बाहेर दोन बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्यानं हळू आवाजात विचारलं, "तपासणी होते का अठी?"

"होते."

"तुमच्या गावाकडं नाही का उपकेंद्र?" असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. मी दार लावून घेतलं. उपकेंद्राचं ते दार दिवसा कधी लागलंच नव्हतं, कडी गंजली होती, दोनदा हाणावी लागली. जोखमीच्या बायांच्या नावांची भिंत मी आदल्याच दिवशी स्वतः चुन्यानं पोतली होती. ओल अजून वाळली नव्हती.

"नाव कुठं लिहिता?" त्यानं विचारलं.

"या रजिस्टरात. मंग मोबाईलमधी."

"मंग?"

"मंग वर जाते."

"वर मणजे?"

मी सवयीनं बोट वर केलं. आम्ही दोघांनी वर पाहिलं. वर पंखा होता, तोही बंद.

"तठून पुढं कुठं जाते मले मालूम नाही," मी म्हणाले. "नियम चांगले आहेत, लिहून ठेवलेले आहेत. पण माह्या हातून जाणार नाही, इतकं मी सांगू शकते."

त्यानं जरा विचार केला आणि बोट पुढं केलं. मी सुई लावली, थेंब नळीत टाकला, हलवली आणि घड्याळ लावलं. या तपासणीत नळीमागं ओळी आखलेला कागद धरतात. ओळी आरपार दिसल्या तर ठीक. नाही दिसल्या तर नमुना पुढच्या तपासणीला पाठवायचा. वेळ झाली. मी नळी उजेडाकडं धरली, मागं कागद धरला, आणि त्याला जवळ बोलावलं. दोघांनी मिळून पाहिलं.

ओळी दिसल्या की नाही, ते मी सांगणार नाही. त्यानं मला तेवढी परवानगी दिलेली नाही, आणि मी मागितलेली नाही. पुढं लग्न झालं का, हेही सांगता येत नाही, कारण ते सांगितलं की निकाल सांगितल्यासारखंच होतं. ऐकणाऱ्याला राग येतो. माझ्या सख्ख्या बहिणीला आला.

त्या दिवशी संध्याकाळी गोदावरीबाई काठी टेकत आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की खाकीतला पोरगा बसमधून उतरला आणि उपकेंद्राचं दार लागलं.

"तोच होता ना वं? कायले आला होता? काय निघालं?"

"मले मालूम नाही आजी."

एकोणतीस वर्षांत हे वाक्य मी त्या गावात पहिल्यांदा बोलले. म्हातारी माझ्याकडं बघत राहिली.

"तुले नाही मालूम तं कोणाले मालूम असन?"

मी म्हटलं, "ज्याचं आहे, त्याले."